थोरलीचं नाव

त्या यंत्राला पाय नव्हते, नाहीतर पहिल्याच दिवशी मी त्याला चपला बाहेर काढून आत ये म्हणाले असते. तांब्याएवढं काळं डबडं, पुढे बारीक जाळी, आणि आवाज मात्र कीर्तनकारासारखा भरदार. माझ्या सुनेनं ते स्वयंपाकघरातल्या फळीवर, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "आई, हा आदिस्वर. हा ऐकतो."

"घरात ऐकणारं कुणीतरी आलं म्हणायचं," मी म्हटलं.

मी शालन मगदूम. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढे बापानं म्हशींमागे धाडलं. पंचगंगेच्या काठी आमचं गुऱ्हाळ आहे आणि ते मी चालवते. आमचे हे पान लावत बसतात आणि आल्यागेल्याला बसा म्हणतात, तेवढं काम त्यांना छान जमतं. आमच्या भागातली बाकीची गुऱ्हाळं केव्हाच विजेवर गेली. बटण दाबलं की रस उकळायची कायल तापते आणि गुळाला चव म्हणून राहत नाही. माझं चुलवाण, कायलीखालची ती मोठी चूल, अजून उसाच्या चिपाडावर जळतं. सासूनं माझ्या हातात काडीपेटी दिली, त्यानंतर दरसाल हंगामाची पहिली काडी मी लावली. दुसऱ्या कुणाला लावू दिली नाही. मी जिवंत असेपर्यंत देणारही नाही, असं साऱ्या गावाला सांगून ठेवलेलं.

सून यालिक. अरुणाचलातल्या तारुङ लोकांची. एवढीशी जमात, एकच खोरं. माझा मुलगा धैर्यशील तिकडे पूल बांधायला गेला आणि येताना बायको घेऊन आला. पोरगी हुशार. पुण्याला भाषांच्या संशोधनात असते, आदिस्वर बनवणाऱ्यांत तीही एक. पण पुण्यातल्या तिच्या इमारतीत ज्वाळेला बंदी. सगळा स्वयंपाक गार काचेवर. देवापुढचं निरांजनसुद्धा विजेचं. काडी ओढायची झाली तर हात अर्धा हात लांब धरणारी बाई ती. मी तिला तोंडावर म्हणायची, "तुझ्या घरात भूतसुद्धा थंडीनं मरेल गं."

यंत्र काय करतं ते तिनं मला भाकरी थापता थापता सांगितलं होतं. चीनपासून तिबेट, ब्रह्मदेश, मणिपूर, नागालँडपर्यंत शेकडो भाषा एका आजीच्या नाती आहेत असं जाणकार मानतात. ती आजी लिहिण्याची कला यायच्या आधीच गेली. मग ती कशी बोलायची ते कळणार कसं? नातींच्या तोंडावरून. विस्तवाला तिबेटात म्हणतात मे. ब्रह्मदेशात मी. मणिपुरात मै. मिझोरामात मेइ.

"सगळ्यांचं नाक एकच की," मी म्हटलं.

"नुसत्या नाकावर जायचं नाही, आई. योगायोगानंही दोन शब्द सारखे निघतात. बोलण्यातला आवाज बदलतो ना, तो एका शब्दात बदलून थांबत नाही, तसा असेल तिथे सगळीकडे बदलतो. त्याची एक रीत असते. रीत सापडली की उलटं चालत मागे जाता येतं."

हे मला लगेच पटलं. आमच्या पोरी ज्या गावात दिल्या तिथला हेल उचलतात, आणि उचलतात ते एका शब्दापुरतं नाही, सगळ्या बोलण्याला. माझी बहीण सोलापूरकडे दिली. ती कसं बोलते यावरून ती आधी कशी बोलायची ते मी आजही सांगेन. आदिस्वर हेच करायचा, पण शेकडो भाषांचं, हजारो शब्दांचं, एकाच वेळी. माणसाला जन्म पुरायचा नाही ते तो जेवण होईस्तोवर करायचा आणि शेवटी त्या आजीच्या आवाजात शब्द बोलून दाखवायचा.

"आणि चिनी लोक विस्तवाला काय म्हणतात?"

"हुओ."

"हे नाक कुणाचं म्हणायचं?"

यालिक हसली. "भांडण तिथंच आहे. आदिस्वर म्हणतो, आजीच्या शब्दात सुरुवातीला एक फुंकर होती. विझत्या निखाऱ्यावर घालतो तशी. फुंकर आणि म, एका श्वासात. ह्मेय. चीनमध्ये फुंकर राहिली, म गेला. डोंगरात म राहिला, फुंकर गेली. एका डोंगरी भाषेत पुढे स लागलेला सापडतो, पण तो मुळातला की मागून चिकटलेला यावर पंडितांचं एकमत नाही. दोन्ही एकत्र असलेलं जिवंत तोंड काही अजून मिळालेलं नाही. मिळेपर्यंत हे यंत्राचं म्हणणं, एवढंच."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण यंत्र खरं बोलतं असं दिसलं की सरकार त्याला खुर्ची देतं. दिल्लीत एक समिती बसली आणि तिनं ठरवलं, आदिस्वर ज्या भाषेला वंशावळीत स्वतंत्र फांदी देईल तिची शाळा चालेल. ज्या भाषेला तो मिश्र म्हणेल तिच्या पोरांनी शेजारच्या भाषेत शिकावं. तारुङ भाषेत व्यापाऱ्यांचे, शेजाऱ्यांचे इतके शब्द शिरलेले की पारखायला मोजकेच जुने शब्द उरले होते. त्यात सगळ्यांत वजनाचा विस्तव, कारण विस्तवाचं नाव सहसा कुणी उसनं घेत नाही. तारुङ लोक विस्तवाला यानो म्हणतात. ते कुठल्याच नातीशी जुळेना. आदिस्वरनं निकाल दिला, मिश्र बोली. खोऱ्यातली एकुलती शाळा दिवाळीनंतर बंद होणार होती.

ती शाळा माझ्या विहिणीनं उभी केलेली. आणि तिला बंद करणारं यंत्र तिच्या लेकीनं.

विहीणबाई नेयाङ दसऱ्याआधी आमच्याकडे आल्या त्या या भांडणासाठी. बुटक्या, ताठ, पाठीवर वेताची टोपली, आणि डोळे असे की माझ्या घराची किंमत दारातच केली. त्या त्यांची हिंदी बोलायच्या, मी माझी. दोन्ही हिंद्यांची एकमेकींशी ओळख नव्हती, पण आमचं नीट चालायचं. इथे मी सगळं मराठीतच लिहिते.

आल्या आल्या त्यांनी फळीवरच्या यंत्राकडे बोट केलं. "हाच का तो जावई?"

"जावई माझा मुलगा आहे, विहीणबाई," मी म्हटलं.

"तो साधा आहे. लेकीचा संसार याच्याशी चाललाय." मग लेकीकडे वळून, "मी डोक्यावरून दगड वाहून शाळा बांधली. तुझ्या डबड्यानं एका शब्दात पाडली."

"आई, मी फक्त लोकांनी सांगितलं ते त्याला ऐकवलं," यालिक म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "सगळ्या खोऱ्यात फिरले. प्रत्येकानं यानोच सांगितलं. तूसुद्धा."

"मग अजून काय सांगणार होते?"

माझ्या घरात येऊन माझ्या सुनेला कुणी रडवायचं नाही, ते काम माझं आहे. मी विहीणबाईंपुढे गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं. त्यांनी गूळ तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मग म्हणाल्या, "हा विजेवरचा नाही." तेवढ्यावर मी त्यांना निम्मं माफ केलं.

उलगडा झाला तो माझ्यामुळे, पण त्यात माझी काही अक्कल नव्हती हे आधीच सांगते. हंगामाचा परवाना हल्ली फोनवर मिळतो, पलीकडे माणूस नसतं, सरकारी आवाज असतो. आम्ही सगळे निखाऱ्यांच्या शेगडीभोवती बसलो होतो. आवाजानं विचारलं, "पतीचे नाव सांगा."

"धैर्यशीलचे वडील."

"पतीचे नाव सांगा."

"सांगितलं की! धैर्यशीलचे वडील!"

"नोंद झाली," आवाज म्हणाला. "पतीचे नाव, धैर्यशीलचेवडील मगदूम."

धैर्यशील हसून जमिनीवर लोळायचा बाकी राहिला. आमचे हे पानाला चुना लावत म्हणाले, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज बारसं झालं." यालिकही हसत होती. हसता हसता एकदम थांबली. माझ्याकडे बघत राहिली, मग शेगडीकडे, मग आईकडे.

"यंत्राची चूक नाही," ती हळू म्हणाली. "त्याला जे सांगितलं तेच त्यानं घेतलं." आणि आईला म्हणाली, "आई, यानो म्हणजे थोरली ना? घरातली थोरली बाई. ते विस्तवाचं नाव नाहीच. आपण त्याला मानानं तसं म्हणतो. नाव वेगळं आहे."

विहीणबाईंचा चेहरा कडी लावल्यासारखा बंद झाला. "असलं विचारतात का? आणि तेही हिच्यासमोर?" त्यांनी शेगडीकडे मान केली.

यालिकनं कपाळावर हात मारला. "मी प्रत्येकाला चुलीशेजारी बसवून विचारलं! तिथंच ऊब होती म्हणून!"

ती लहानपणीच आसामच्या वसतिगृहात गेलेली. खोऱ्यात नवी चूल पेटताना तिनं कधी पाहिलीच नव्हती. तारुङ घरात नवी चूल पेटते तेव्हा थोरली बाई विस्तवाचं खरं नाव एकदा मोठ्यानं घेते, आणि ती चूल जिची झाली तिला ते देते. दिलं की ते नाव तिचं. पुढे चुलीपासून लांब ते कुणाला सांगायचं, न सांगायचं, ही तिची मर्जी. पण चूल दिल्याशिवाय नाव देता येत नाही. आता खोऱ्यातही काचेच्या शेगड्या आल्या होत्या. नवी चूल कुणी मांडत नव्हतं.

"मग मला दे," यालिक म्हणाली. "शाळा वाचेल."

"तुझी चूल कुठाय?" विहीणबाई म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

मी लगेच परसात तीन दगड मांडले, वर भांडं ठेवलं. "ही घ्या चूल. पेटवा आणि मोकळ्या व्हा." विहीणबाई आल्या, त्यांनी पायानं एक दगड हलवून पाहिला. "ही पोरींच्या खेळातली. उद्या हिच्यावर कोण शिजवणार? ज्या विस्तवावर घराचं पोट चालतं त्याचंच नाव घेतात. खोटं बोलून घेतलं तर तो मला ओळखायचा नाही." आणि नदीकडे बोट केलं. तिकडे माझ्या गुऱ्हाळाचं धुराडं दिसत होतं. "तुमच्या घराचं पोट चालवणारी चूल एकच आहे. ती हिला दिलीत, तर हंगामाला नवी म्हणूनच पेटेल."

मी दगडांवरचं भांडं उचलून घेतलं.

"नको, आई," यालिक पटकन म्हणाली. "ते तुमचं आहे. मी दुसरं काहीतरी बघते." दुसरं काही नव्हतं हे तिला माहीत होतं, मलाही.

त्या दिवशी मी घरातनं निघाले. गुऱ्हाळावर जाऊन चुलवाणाच्या तोंडाशी बसले. आत गेल्या हंगामाची राख. विहीणबाई मागून आल्या आणि न विचारता शेजारी बसल्या.

"माझीही एकच आहे," त्या म्हणाल्या. "डोंगरात. माझ्यामागे ती विझेल. मुलगी इकडे, गार काचेपाशी."

"मी तर सांगून ठेवलंय, मरेपर्यंत कुणाला देणार नाही म्हणून."

"छान. मग तुमची तुमच्याबरोबर विझेल, माझी माझ्याबरोबर. दोघी वर जाऊन थंडीत बसू."

असलं माझ्याशी बोलायची गावात कुणाची छाती नाही. मी पदरावरची राख झटकली आणि उठले.

घरी येऊन यालिकला समोर बसवलं. "मला एक सांग. वारा फिरला आणि चुलवाण धगाटलं तर काय करशील?"

"चिपाड थांबवीन."

"आणि रस उतू यायला लागला तर?"

"ओरडेन."

"बरोबर. आधी ओरडायचं. मी हे वरवरचं देत नाही, पोरी. आज घेऊन उद्या पुण्याला पळशील, असं चालणार नाही. हंगामभर इथं उभं राहायचं. केसांना धूर, हाताला चटके. तुझं डबडं इथं आणून बसव, पण चुलवाण तुझं असेल ते खरोखर तुझं. जमेल?"

पुण्यातलं तिचं काम मोठं होतं, सोपं नव्हतं ते. तिनं धैर्यशीलकडे बघितलं, त्यानं मान हलवली. "जमेल," ती म्हणाली. "पण पहिल्या वर्षी गूळ करपला तर बोलायचं नाही."

"बोलणार. भरपूर बोलणार. पण काढून घेणार नाही."

हंगामाच्या पहिल्या सकाळी सगळे गुऱ्हाळावर जमले. ऊस लागला होता, घाण्यातून रस कायलीत पडत होता. आमचा गुळव्या भैरू मला म्हणाला, "आक्का, काडी?" मी पदराच्या गाठीतनं सासूची काडीपेटी काढली. खोकं बदललेलं असतं दरसाल, पण मी तिला सासूचीच म्हणते. ती यालिकच्या हातात ठेवली. भैरूचं तोंड उघडं ते उघडंच. मी म्हटलं, "भैरू, माशी जाईल. आजपासून मालकीण ही."

आदिस्वर एका फळकुटावर ठेवला होता. विहीणबाईंनी त्याला बजावलं, "तू यालिकचा पाहुणा. पाहुण्यानं तोंड बंद ठेवायचं."

"होय," आदिस्वर म्हणाला.

"हे शेवटचं," विहीणबाई म्हणाल्या.

यालिकनं काडी ओढली. या वेळी हात लांब धरला नाही. चिपाडाच्या पहिल्या मुठीला धरली, धूर झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ज्वाळ आत ओढली गेली, हूं करून, जशी दरसाल जाते. विहीणबाई तिच्यामागे उभ्या राहिल्या, दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले, चुलवाणाच्या तोंडाकडे वाकल्या आणि त्यांनी एकदाच, मोठ्यानं, नाव घेतलं.

आधी फुंकर आली. नाकातून, ओठ मिटलेले असताना, निखाऱ्यावर घालतो तशी. तिच्यातूनच म उमटला, आणि मग आवाज लांब गेला.

यालिक चुलवाणापुढेच खाली बसली. मला वाटलं धूर लागला. ती रडत होती आणि हसत होती. "आई, तेच," ती मला म्हणत होती. "तेच! दोन्ही एकत्र! ह्यानं गेल्या वर्षी नुसतं हिशेबानं सांगितलं होतं, आणि ते माझ्या आईच्या तोंडात होतं!"

फळकुटावरच्या पाहुण्यानं शब्द पाळला, ब्र काढला नाही. पण त्याच्यावरचा बारीक दिवा असा लखलखत होता की भैरू म्हणाला, "आक्का, ह्याला पाणी द्या, फुटंल."

पुढचं पेपरात आलंच आहे. जगभरचे पंडित ज्यावर भांडत होते ती फुंकर जिवंत तोंडात सापडली, आणि तेही ज्या बोलीला मिश्र म्हणून काढून टाकलं होतं तिच्यात. यालिकनं घरी, चुलवाणापासून लांब बसून, स्वतःच्या मर्जीनं ते नाव आदिस्वरला दिलं. मग तिच्या लक्षात आलं की एक नाव असं पडद्याआड असेल तर आणखीही असतील. वाघाला थोरला मामा म्हणतात, नदीला लांबची पाहुणी म्हणतात. त्यांना चुलीची अट नव्हती, त्यांच्यापासून लांब बसून बोललं की झालं. आमच्या गावात वाघ नाही, म्हणून वाघाचं नाव विहीणबाईंनी आमच्या ओसरीवर आरामात घेतलं. नदीचं घ्यायला मात्र पंचगंगेकडे पाठ करून बसल्या. एकेक करून सगळे जुने शब्द जुळले. आदिस्वरनं निकाल फिरवला. तारुङ ही स्वतंत्र फांदी, आणि बुंध्याच्या फार जवळची. आता यालिक आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या पोरी यंत्राला आधी विचारायला शिकवताहेत, की तुमच्यात कशाचं नाव घेत नाहीत.

समितीनं शाळा ठेवली. वर एक खोली वाढवून दिली. विहीणबाईंनी ते आमच्या ओसरीवरच फोनवर ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "दगड त्यांनाच वाहू दे या वेळी."

बातमीदार गुऱ्हाळावर आले तेव्हा एकीनं मला विचारलं, "आजी, एवढा मान तुम्ही सोडून दिलात, वाईट नाही वाटलं?"

"आजी तुझी घरी असेल," मी म्हटलं. "आणि सोडलं कुठं? मला सासूनं दिली तेव्हा नुसती काडीपेटी दिली होती. मी सुनेला दिली ती नावासकट. माझ्याएवढं थाटानं कुणी दिलंय का, शोध जा."

हे सगळं मी माडीवर बसून लिहिलं, चुलवाणापासून लांब, आणि यालिकला विचारून, म्हणून ते नाव वर लिहिता आलं. गुऱ्हाळावरून तिची हाक इथवर येतेय, "आई, चिपाड बेतानं म्हणून सांगा भैरूला, माझं ऐकत नाही!" आधी ओरडते. शिकली. पहिली कायल करपवली होती, मी चार दिवस बोलले. कालचा गूळ मात्र माझ्या तोडीचा होता. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

विहीणबाई परत निघाल्यात, खोऱ्यात यंदा दोन सुना नव्या चुली मांडणार आहेत. आणि आदिस्वर परत फळीवर, लोणच्याशेजारी. परवा मला गोड आवाजात म्हणाला, "शालनताई, परवान्यातली नोंद दुरुस्त करायची आहे. पतीचे नाव सांगाल?"

हजारो वर्षांमागचं विस्तवाचं नाव त्यानं शोधून काढलं, म्हणून त्याला वाटलं माझ्याकडूनही काढेल.

"लिहून घे," मी म्हटलं. "धैर्यशीलचे वडील."